बंदुकीची मराठी आणि लेथची मराठी : कर्जत-खालापूर परिसराच्या निमित्ताने

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, एका विशिष्ट प्रकारच्या मार्गदर्शिका विपुल आढळतात. घरच्या छोट्या यंत्रशाळेत बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्या व क्वचित् तिचे भाग स्वतः घडविणाऱ्या हौशी माणसासाठी त्या लिहिलेल्या असतात. त्यांतील तांत्रिक भागाशी प्रस्तुत लेखाला कर्तव्य नाही. अशा पुस्तिकेतील एखादे साधे वाक्य मराठीत आणू लागले असता जो भाषिक पेच उभा राहतो, तेवढाच येथे विचारासाठी घ्यावयाचा आहे. ते वाक्य असे होईल : ‘घरगुती बंदूक-कारागिराने सुट्या भागांत अचूक काप घ्यावेत.’

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे आणि त्यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. तरीही हे वाक्य कोणा मराठी माणसाच्या तोंडी स्वाभाविकपणे येईल, असे म्हणवत नाही. ‘घरगुती’ हे विशेषण मसाल्याला, औषधाला, शिकवणीला, गॅसच्या टाकीला लागते. बंदुकीशी त्याचे सोयरिक नाही. ‘बंदूक-कारागीर’ हा समास भाषांतरकाराच्या मेजावर जन्मलेला आहे, हे उघड दिसते. ‘काप’ म्हटले की वाचकाच्या मनापुढे वांग्याचे किंवा सुरणाचे काप येतात, पोलाद येत नाही. उरला ‘अचूक’. तो बंदुकीजवळचा खरा. पण मराठीत अचूक असतो तो नेम, बंदुकीच्या पोटातील एखादी खाच नव्हे. एका वाक्यातील चार शब्दांनी चार दिशांना तोंडे करावीत, याला केवळ भाषांतरकाराचे असामर्थ्य हे कारण पुरेसे नाही. बंदुकीविषयीची मराठी आणि धातू कातण्याची मराठी या दोन स्वतंत्र भाषा असून त्यांची गाठ कधी पडलेलीच नाही, हे त्याचे खरे कारण होय.

या दोन्ही भाषांचे अवशेष व व्यवहार एकाच टापूत पाहावयाचे असतील, तर रायगड जिल्ह्याचा आतला भाग, म्हणजे कर्जत आणि खालापूर हे तालुके, सोयीचे आहेत. कर्जत तालुक्यातील पेठचा किल्ला ऊर्फ कोथळीगड हे मराठ्यांचे शस्त्रसाठ्याचे ठिकाण होते. पायथ्याच्या पेठ गावात तोफ आजही पाहावयास मिळते. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत १६६१ साली कारतलबखानाची कोंडी झाली. ही झाली जुनी बाजू. नवी बाजू लोखंडाची आणि विजेची आहे. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडण्याचे ठाणे म्हणून कर्जतला महत्त्व आले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्‌केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९६० नंतरच्या दशकात खोपोलीतच महिंद्र युजीन हा मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या आगेमागे लहानमोठे यंत्रोद्योग व लेथची दुकाने वाढली. कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर अंबरनाथ आहे. तेथे १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा यंत्रावजारांचा मूलप्रतिरूप कारखाना निघाला. या टापूत बंदूक आणि लेथ यांचे शब्द जवळजवळ नांदतात. मात्र एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रथम बंदुकीचे शब्द पाहू. त्यांचे थर भूगर्भातील थरांप्रमाणे वेगळे काढता येतात. ‘तोफ’ तुर्कीतून आलेली, ‘चकमक’ही तेथलीच. ‘बंदूक’ हा शब्द अरबी; त्याचा मूळ अर्थ कठीण कवचाचे एक गोल फळ, त्यावरून गोळी आणि गोळीवरून गोळी फेकणारे साधन. ‘दारू’ फारसीत औषध होती. मराठीत ती दोन अर्थांनी स्फोटक झाली. ‘दस्ता’, ‘गज’, ‘संगीन’ हेही फारसीच. ‘काडतूस’ पोर्तुगीज, ‘फैर’ इंग्रजी आणि ‘रायफल’ही इंग्रजी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. तेथे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा यत्न झाला. पण तोफ तोफच राहिली आणि बंदूकही बंदूकच. ज्या शब्दाच्या मागे वस्तू, वापरणारा आणि आवाज हे तिन्ही असतात, तो शब्द कोशाच्या आज्ञेने हलत नाही.

या परक्या सांगाड्यावर मराठीने जे स्वतःचे चढविले, ते मोठे मनोज्ञ आहे. बंदुकीच्या अवयवांना मराठीने देह दिला. तोफेला ‘कान’ असतो आणि त्या कानात बत्ती लागते. शत्रूच्या हाती जाणारी तोफ निकामी करावयाची झाल्यास त्याच कानात खिळा ठोकीत. बंदुकीला ‘घोडा’ असतो. नळीच्या टोकाशी नेमासाठी ‘माशी’ बसलेली असते. ‘चाप’ ओढला जातो. संस्कृतातील धनुष्यवाचक चापाशी या चापाचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु केसांच्या चापाकडे पाहिले म्हणजे तो आवरावा लागतो. दारू ‘ठासतात’, बार ‘उडवितात’, नेम ‘धरतात’. कोकणात अजून ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द जिवंत आहे. यातील प्रत्येक क्रियापद वापरणाऱ्याचे आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. शिपाई, शिकारी, रानडुकराने हैराण झालेला शेतकरी यांच्या हातून बंदुकीला जे होते ते सर्व मराठी सांगू शकते. घोड्याचे पाते कसे घडले, माशी कोणत्या खाचेत बसविली, नळीचे पोट कशाने साफ केले, हे सांगू लागताच भाषा अडखळते.

याचे अत्यंत लक्षणीय उदाहरण ‘रायफल’ हे आहे. इंग्रजीत हे शस्त्राचे नाव मुळात एका कापाचे नाव आहे. नळीच्या आतल्या अंगाला पेचदार खाचा पाडणे, या अर्थाच्या क्रियापदावरून ते आले. त्या खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती गिरकी मिळते आणि ती हवेत स्थिर राहते. अर्थात् इंग्रजी भाषकाने रायफल म्हटले की, जाणता अजाणता, तो धातूवरील एका कामाचा उच्चार करतो. मराठीत शब्द आला तेव्हा खाच बाहेरच राहिली. मराठी माणसाला रायफल म्हणजे लांब पल्ल्याची बंदूक. खाचेचा मागमूस त्यात नाही. उसन्या शब्दाच्या अशा आंधळेपणाची उदाहरणे कोणत्याही भाषेत सापडतील. येथे ती केवळ कुतूहलाची बाब नाही, कारण जो अंश गळाला तो नेमका कारागिराचा अंश होता.

मग हा कारागीर आपल्याकडे नव्हताच काय? होता. तोफा ओतणारे ओतारी होते, पात्यांना पाणी देणारे लोहार होते, शस्त्रांना जिल्हई देणारे शिकलगार होते. शिकलगार हा शब्दही त्याच कामाच्या फारसी नावावरून आला आहे. हातबंदुकीची नळी हिंदुस्थानात लोखंडी पट्ट्या तापवून, गुंडाळून, ठोकून घडवीत. तिचे पोट आतून सारखे करणे हे सर्वांत कष्टाचे काम असे. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत नोंदविले आहे की, बैलाच्या शक्तीने फिरणाऱ्या एका चक्राच्या साहाय्याने अकबराच्या कारखान्यात एका वेळी सोळा नळ्या साफ होत. तत्पूर्वी एका धट्ट्याकट्ट्या माणसाला एकाच नळीसाठी पुष्कळ वेळ खर्ची घालावा लागे. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात द बॉइन्याच्या फौजेसाठी आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होत. कौशल्य होते, आणि त्याचे शब्दही असणारच. परंतु ते बखरीत वा दप्तरात उतरले नाहीत. दप्तर हिशेब लिहिते, हात काय करतो ते लिहीत नाही.

जे उरले होते ते कायद्याने घराबाहेर काढले. १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र बाळगणे, घडविणे व विकणे परवान्याच्या अधीन झाले. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १९६२ मध्ये अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राचे उत्पादन, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी यांपैकी काहीही अनुज्ञप्तीवाचून करता येत नाही. बंदुकीचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रातच मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनास किमान सात वर्षे ते आजन्म कारावास अशी शिक्षा आहे. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद याच कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. म्हणजे शेतकरी बंदूक वापरू शकतो, तिच्यावर कानस चालवू शकत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायदा स्वतःच्या वापरासाठी घरी शस्त्र घडविण्यास सामान्यतः मुभा देतो, काही राज्यांनी घातलेले निर्बंध वगळता. ज्या हौशी कारागिरासाठी त्या मार्गदर्शिका लिहिल्या जातात, तो तेथील कायद्याचे अपत्य आहे. येथे तो गुन्हेगार ठरतो, आणि म्हणून येथे त्याला नाव नाही.

खरे तर घरी केलेल्या बंदुकीला मराठीत एक शब्द आहे; तो वृत्तपत्रांतून नित्य भेटतो. तो म्हणजे ‘गावठी’ : गावठी पिस्तूल, गावठी कट्टा. येथे ‘घरगुती’ आणि ‘गावठी’ या दोन विशेषणांतील फरक पाहण्याजोगा आहे. दोहोंचा वाच्यार्थ ‘कारखान्यात न झालेले’ असाच. पण घरगुतीत जिव्हाळा आहे, गावठीत संशय. कोंबडीपुरता गावठी हा शब्द प्रशंसेचा, दारूला लागला की पोलिसांचा, आणि पिस्तुलाला लागला की फौजदारी न्यायालयाचा. त्यात ओबडधोबडपणाचाही अर्थ आहे आणि तो अनाठायी नाही. मापाविना जुळविलेले शस्त्र जेवढे समोरच्याला घातक, तेवढेच धरणाऱ्याला. ‘बंदूक फुटली’ असे मराठीत म्हणतात तेव्हा जखमी झालेला बहुधा बंदुकीच्या मागचा असतो. अचूकपणाचा अभाव हाच येथे शब्दाचा गाभा झाला आहे.

आता दुसरी भाषा, लेथची. ही गोष्ट उलट दिशेने सांगावी लागते. कारण जगाच्या इतिहासात धातूवरील अचूक काम बंदुकीच्याच कारखान्यात वाढले. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफेची नळी भरीव ओतून मग आतून कोरण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याच पद्धतीच्या कामाने वॅटच्या वाफेच्या इंजिनाला गोल नळकांडे मिळाले. पन्नास इंच व्यासाच्या नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीदेखील चूक नाही, अशी त्याची त्या काळी वाखाणणी झाली होती. १७८५ मध्ये पॅरिस येथे ऑनोरे ब्लां या कारागिराने बंदुकीच्या कळांचे सुटे भाग कोणतेही कोणत्याही कळेत बसतात, हे जेफर्सनला दाखविले. पुढे अमेरिकन शस्त्रागारांत ही कल्पना यंत्रांच्या व मापकांच्या बळावर रुजली, आणि तेथून ती शिवणयंत्रात, सायकलीत, मोटारीत गेली. पूर्वीची बंदूक म्हणजे एक व्यक्ती होती : तिची गोळी ओतण्याचा साचा तिचा तिलाच चाले. अदलाबदलीच्या तत्त्वाने ती जात झाली. अचूक काप म्हणजे या तत्त्वाची किंमत होय. भाग दुसऱ्या भागाला न पाहताच तयार व्हावयाचा, म्हणून दोघांनीही मापाला पाहावयाचे.

मराठी मुलखात हे तत्त्व शस्त्रागारातून आले नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. परंतु सामान्य मराठी कामगाराला लेथ भेटला तो रेल्वेच्या कर्मशाळेत आणि गिरणीत. त्यामुळे कर्जत-खोपोलीच्या, किंबहुना मुंबई-पुणे पट्ट्यातील कोणत्याही लेथच्या दुकानातील भाषेत बंदूक औषधालाही नाही. तेथे ‘जॉब’ असतो, तो ‘चका’त धरतात, ‘टूल’ लावतात, ‘बोअर’ मोठे करतात, ‘टॅप’ आणि ‘डाय’ वापरतात. नामे बहुतेक सर्व इंग्रजी आहेत. येथवर पाहून मराठीने हात टेकले असे म्हणणारे विद्वान आहेत. ते नामांकडे पाहतात, क्रियापदांकडे पाहत नाहीत.

क्रियापदे संपूर्णपणे मराठी आहेत, आणि त्यांची वाटणी मोठी शिस्तबद्ध आहे. भोक ‘पाडतात’, खाच ‘पाडतात’, आटे ‘पाडतात’. जेथे कामाचे फळ म्हणजे वस्तूतील एक पोकळी किंवा उणीव असते, तेथे ‘पाडणे’ येते. जमिनीत खड्डा पडतो त्याच रीतीने. म्हणून आटे आपण होऊन ‘पडलेले’ही असू शकतात, आणि झिजले म्हणजे ते ‘जातात’. कानस मात्र ‘मारतात’, रंधा ‘मारतात’, ड्रिल ‘मारतात’, फेसिंगही ‘मारतात’ : येथे क्रियापदाचे कर्म फळ नसून अवजार अथवा पुनःपुन्हा करावयाची क्रिया आहे. मोजण्याचे साधन असेल तर ते मारीत नाहीत, ‘लावतात’ : गुण्या लावतात, ओळंबा लावतात, मायक्रोमीटर लावतात. कापणारे अवजार वस्तूवर चालून जाते, मोजणारे तिच्याशी टेकते. हा भेद कोणत्याही तांत्रिक पुस्तकात सांगितलेला नाही, तो दोन धातूंतून भाषेनेच केलेला आहे. अपवाद आहेत, करवत चालवितात आणि पटाशीही. पण ते अपवाद म्हणूनच डोळ्यांत भरतात.

राहिले ‘घेणे’. ‘कट घेणे’ हा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. कट ‘मारला’ म्हणजे कापले. कट ‘घेतला’ म्हणजे ठरवून, मोजून, तेवढेच काढले. ‘बारीक कट घे’ ही सूचना ऐकणारा शिकाऊ कामगार मापाविषयीच ऐकत असतो. माप ‘घेतात’ आणि कटही ‘घेतात’. दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद यावे हा योगायोग नसावा. म्हणजे प्रारंभीच्या वाक्यातील ‘काप घ्यावेत’ यातील अर्धा भाग अस्सल होता. चुकला तो ‘काप’. भाषांतरकाराने इंग्रजी नाम घालवून मराठी नाम आणले आणि वाक्य परके केले. कामगार इंग्रजी नाम ठेवतो, मराठी क्रियापद लावतो आणि त्याचे वाक्य मराठी राहते.

‘धरणे’ हे एकच क्रियापद असे दिसते की जे दोन्ही भाषांत वावरते. जॉब चकात धरतात. नेम माशीवर धरतात. यावरून एका मूलभूत गोष्टीकडे वळता येते. मराठीत नेमकेपणाचे शब्द आले कोठून? ‘नेमका’ हा शब्द ‘नेम’ याच्याशी निगडित आहे, आणि नेम म्हणजे नियमही आणि लक्ष्यवेधही. ‘अचूक’ हा प्रथम बाणाचा व गोळीचा गुण. ‘तंतोतंत’ विणकराच्या मागावरचा. सूत हे सुताराचे. सुतार हा शब्दच सूत्रधार यापासून आला आहे, कारण त्याच्या हाती दोरी असते. ‘गुण्यात’ असणे हे गवंड्याचे आणि सुताराचे. धनुर्धर, विणकर, सुतार, गवंडी या सर्वांनी मराठीला अचूकतेची परिभाषा दिली. धातू कापणाराने दिली नाही. त्याने दिलेला एकच शब्द प्रतिष्ठित भाषेत शिरला आहे, तो ‘कातीव’. कातणे हे मराठीत सूत काढणेही आहे आणि लेथवर फिरवून आकार देणेही. परंतु आज ‘कातीव’ म्हटले की वाचकाला रेखीव बांधा आठवतो, लाकडी खांब किंवा पितळी समई नव्हे. शब्दातून कामगार निघून गेला आणि सौंदर्य मागे राहिले.

या इतिहासाचा परिणाम मापाच्या भाषेवर स्पष्ट दिसतो. ‘तसूभरही ढळला नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तसू हे आपल्या लेखी नगण्यतेचे परिमाण असते. वस्तुतः तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, सुमारे एक इंच. याहून बारीक हवे असेल तर तिळभर, जवभर, केसभर. मिस्त्रींच्या व्यवहारात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक ‘सूत’. मिलिमीटरांत ते तीनहून किंचित् अधिक. सुताराला व गवंड्याला सूत पुरते. लेथवर त्याचे सव्वाशे तुकडे करावे लागतात : एक ‘थाऊ’, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि असे १२५ थाऊ म्हणजे एक सूत. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे आली, तथापि जुन्या कारागिरांच्या तोंडून थाऊ गेला नाही. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ मध्ये ठरविलेले आटेही पुष्कळ काळ त्याच्याच नावाने ओळखले गेले. सूत आणि थाऊ यांच्या दरम्यान मराठीला स्वतःचा शब्द नाही. हा दोष नव्हे, गरज नव्हती. विल्किन्सनच्या कामाची चूकही इंग्रजांनी प्रथम नाण्याच्या जाडीनेच मोजली होती, हे विसरू नये.

यापेक्षा गंभीर उणीव ‘अचूक’ या शब्दातच आहे. तो नकारातून घडलेला शब्द आहे : ज्यात चूक नाही तो. बाण लागतो किंवा चुकतो. मधली अवस्था नाही. पण यंत्रशास्त्रात चूक नसलेले माप अस्तित्वातच नसते. तेथे प्रश्न असतो तो किती चूक चालेल हा, आणि ती मर्यादा आधी लिहून ठेवावी लागते. इंग्रजीतील ‘टॉलरन्स’ला शब्दकोशाच्या आधाराने ‘सहिष्णुता’ म्हटले तर पोलादाला संतांच्या पंक्तीला बसविल्यासारखे होते. दुकानातील कामगाराने हा प्रश्न एका क्रियापदावर सोडविला आहे. ‘दोन थाऊ चालेल.’ ‘पाच चालणार नाही.’ आणि दोन टोकांचे गेज असते तेव्हा : ‘हे टोक गेले पाहिजे, हे जाता कामा नये.’ येथे चालणे व जाणे ही क्रियापदे पारिभाषिक झाली आहेत, आणि हे पारिभाषिकत्व कोणत्याही समितीने दिलेले नाही.

समित्यांनी जे दिले ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या दारावर वाचावयास मिळते. तेथे टर्नर हा ‘कातारी’, फिटर हा ‘जोडारी’, वेल्डर हा ‘संधाता’, मशिनिस्ट हा ‘यंत्र कारागीर’ आहे. यांपैकी ‘कातारी’ हे नाव खरोखर सुदैवी आहे. लाकूड कातणाऱ्याचा जुना शब्द लोखंडाच्या कामावर आला आणि त्याला वंशावळही राहिली. ‘संधाता’ मात्र कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात उभा केला तर त्याला कोणी ओळखणार नाही. कर्जत वा खालापूरच्या पाड्यावरून अशा संस्थेत येणाऱ्या मुलाला तीन मराठी शिकाव्या लागतात. घरची, फलकावरची आणि यंत्रासमोरची. परीक्षा दुसरीत होते, पोट तिसरीवर भरते. दुसरी व तिसरी यांच्यातील अंतराची झळ त्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यात लागते. ‘अचूक’ या शब्दाचे पाठ केलेले ज्ञान घेऊन तो येतो आणि ‘चालेल’ हे कोठून कोठपर्यंत, ते त्याला कोणी शिकविलेले नसते. मग एक तर तो नको इतका घासत बसतो, किंवा माल रद्दीत जातो. परिभाषा-समित्यांनी नामांवर जेवढा खल केला त्याच्या दशांश जरी क्रियापदांवर केला असता, तर पाठ्यपुस्तके दुकानाच्या जवळ आली असती. समित्यांत कातारी कितीसे असतात हाही प्रश्न आहे.

दरम्यान यंत्रासमोरची भाषाच पालटत आहे. संगणक-नियंत्रित यंत्रावर कट कारागीर घेत नाही. तो ‘प्रोग्रॅम टाकतो’ आणि ‘ऑफसेट देतो’. मोजमापाचा कमीअधिकपणा हाताच्या अंदाजातून आकड्यात गेला, त्याबरोबर ‘घेणे’ जाऊन ‘देणे’ आणि ‘टाकणे’ आले. पूर्वी माणूस धातूकडून काही घेत होता. आता तो यंत्राला काही देतो. बारीक कट घेताना निघणाऱ्या किसाचा रंग आणि वळण पाहून वेग कमीजास्त करणे हे ज्या शब्दांत सांगितले जाई, ते शब्द पहिल्या पिढीच्या लेथवाल्यांबरोबर मावळत आहेत, आणि त्यांची नोंद कोठल्याही कोशात नाही. ‘कीस’ हा शब्द तेवढा तगेल, कारण तो स्वयंपाकघरात आहे आणि वाद घालणाऱ्यांच्या तोंडीही. आटे मात्र अजून ‘पडतात’. यंत्र कोणतेही असो, त्या क्रियापदाला अद्याप पर्याय निघालेला नाही.